भातवाढीआडचा डोळा

उवेचा फोन आला तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. उवे हा शैलाताईंचा जर्मन नवरा. मोजकं बोलणारा, थट्टेच्या वाटेला कधीच न जाणारा. तरीही "शैला आज सकाळी गेली" असं तो म्हणाला, तेव्हा "तुला कोणी सांगितलं?" असा वेड्यासारखा प्रश्न मी त्याला विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मी तिच्याजवळच होतो." संशय हा माझा जुना आजार. शैलाताई स्वतः डॉक्टर, पण त्यांनी तो कधी बरा केला नाही. उलट खतपाणीच घातलं. आता त्यांना जाऊन महिना उलटलाय आणि मला अजून वाटतं की त्या आपल्याला फसवून गेल्या...

आमची ओळखही संशयातूनच झाली. पुण्याहून न्युरेम्बर्गला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं आणि ईराला शाळेत घालायची वेळ आली. इथे शाळेआधी आरोग्य खात्याची डॉक्टर मुलाला तपासते. कान, डोळे, एका पायावर उड्या, माणसाचं चित्र. माझ्या नवऱ्याने, संजयने, ही प्रवेश परीक्षाच धरली. आणि परीक्षा म्हटली की आपल्याकडे घोकंपट्टी आलीच! डोळे तपासायच्या तक्त्याचा प्रिंट त्याने फ्रिजवर चिकटवला आणि ईरा येता-जाता म्हणू लागली, "घर, सफरचंद, गोल, चौकोन, परत घर..." तपासणीच्या खोलीवर जर्मन आडनावाची पाटी होती. आतल्या बाईंचा चेहरा आपल्याकडचा, पण बोलणं अस्खलित जर्मन. मी मनात म्हटलं, जपून बाई. त्यांनी ईराचा उजवा डोळा झाकला आणि ईराने सगळा तक्ता एका दमात म्हणून टाकला. संजयची छाती फुगली. बाई मात्र तक्त्याकडे नाही, ईराकडे बघत होत्या. आणि एकदम स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बाळ, आता खालून वर सांग बघू." ईरा रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबांनी असं नाही शिकवलं." डाव्या डोळ्याने तिला त्या तक्त्यावरचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर तो डोळा कायमचा अधू राहिला असता, असं नंतर नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं.

उपकार मानायचे सोडून मी धसका घेतला. युगेंडआम्ट, म्हणजे मुलांची नीट काळजी घेतली जाते की नाही हे बघणारं इथलं सरकारी खातं. त्याच्या नावाने आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कायम भीती फिरत असते. ही बाई आता आपलं नाव तिकडे कळवणार, अशी माझी खात्रीच झाली. त्यात गणपतीच्या कार्यक्रमात त्या समोर उभ्या! अधू डोळ्याला काम पडावं म्हणून ईराच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी होती, ती त्यांनी नीट दाबून बघितली. मी सरळच विचारलं, "तपासणीला आलात का?" त्या म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी बरोबर, मोदकांच्या." जेवणाच्या टेबलावरची लाकडी भातवाढी त्यांनी उचलली, शेजारच्या मुलाच्या एका डोळ्यावर धरली आणि विचारलं, "माझ्या साडीच्या काठावर काय आहे रे?" तेव्हापासून तो रिवाजच पडला. मुलांनी आधी भातवाढीपुढे उभं राहायचं, मग पानावर बसायचं. आईबाप कुरकुरायचे. ताई त्यांना दाद देत नसत. मला म्हणायच्या, "पाठांतर आपल्या रक्तात आहे, मेधा. फाडफाड उत्तर आलं की संशय घ्यायचा. ज्याला खरंच दिसतं, ते मूल आधी जरा बघतं." ईराचा डोळा हळूहळू सुधारला. माझी भीती गेली आणि तिच्या जागी माया कधी आली, ते माझ्यासारख्या संशयी बाईलाही कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई खूप वाळल्या. विचारलं तर म्हणाल्या, "थायरॉइड गं. रक्त तपासलंय. गोळी चालू आहे. वजन येईल." काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, फाडफाड. माझ्या मनात पाल चुकचुकली. एका रविवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात मी भातवाढी त्यांच्यासमोर धरली आणि हसत हसत म्हटलं, "ताई, आता खालून वर सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ... मग माझ्या हातातून भातवाढी काढून घेतली आणि म्हणाल्या, "भात निवतोय. बस जेवायला." मी बसले. तेव्हाच मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही. आजार थायरॉइडचा नाही, जिवावरचा आहे हे पहिल्यापासून ठाऊक असूनही त्यांनी उवेला कोणाला सांगू दिलं नाही. मला त्यांचा राग आला. अजून आहे. जगाच्या पोराबाळांची उत्तरं उलटी करून बघणाऱ्या बाईने स्वतःची मात्र पाठ करून ठेवावीत!

परवा उवेने ती भातवाढी आणून दिली. कडेला जरा जळलेली, दांडा हाताळून गुळगुळीत झालेला. मी ती फडताळात आत ठेवली, तर ईराने बाहेर काढली. ईरा आता माझ्यापेक्षा उंच आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच. तिने भातवाढी माझ्या एका डोळ्यावर धरली आणि जर्मनमध्ये विचारलं की मी कशी आहे. मी म्हटलं, "बरी आहे. ऑफिसला जाते. जेवते. झोप लागते."

ती हसली नाही. भातवाढी तशीच धरून, अडखळत का होईना, मराठीत म्हणाली, "आई, आता खालून वर."

मी खुर्चीवर बसले. जरा वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग खालून सुरुवात केली.

"झोप लागत नाही गं..."