विमानातलं मीठ

रविवारी वेलाचेरीत मोठ्या दिरांकडे जेवण बाहेरून मागवलं होतं. मी भराभर डबे मांडले, तर पिशवीच्या तळाशी मिठाची कागदी पुडी निघाली. ती चेपताच मी जणू त्या विमानात जाऊन बसले.

आम्ही सगळे नणंदेकडे जर्मनीला निघालो होतो. माझी तान्ही ओवी कान दुखून रडत होती. दुपटी, वाटी-चमचा, औषध, सगळं हाताशी होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. शेवटी मोठ्या जाऊबाईंनी, सुनंदावहिनींनी, तिला छातीशी धरलं आणि ती झोपली. वहिनींना मूल नव्हतं. ओवीच्या जावळाला नाक लावून त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

सासूबाईंनी जेवणाच्या ट्रेमधल्या पुडीतलं मीठ मुठीत घेऊन ओवीची दृष्ट काढली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची," आणि वहिनींकडे बघून, "रिकाम्या ओटीची." ते मीठ पाण्यात सोडायला मला बेसिनकडे पाठवलं. वहिनींनी आपलीही पुडी पुढे केली. "हीपण घ्या, आई. तेवढ्यानं भागायचं नाही." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

सासूबाई आता व्हीलचेअरवर असतात, वहिनींकडेच. पुडी बघून त्यांनी हात पसरला. "चिमूटभर दे गं. सगळं अळणी लागतं."

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, बंद नाही. वहिनींनी माझ्या हातातली पुडी घेतली, बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ सोडला.

"तुमचं मीठ विमानातच संपलं, आई," असं म्हणून त्यांनी दहीभाताचा घास सासूबाईंच्या तोंडापुढे धरला.