विनू आणि लोण्याचा व्यापारी

२०२१च्या जानेवारीतल्या त्या सकाळी विनूच्या बायकोचा, मेधाचा फोन आला. "विनू गेला रे..." एवढंच ती म्हणाली. कोविडने गेला. आम्ही सगळे आयर्लंडमध्ये, ती वॉटरफोर्डला, मी नास नावाच्या गावात. मध्ये जेमतेम दीड तासाचा रस्ता. पण अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती आणि त्या दहांत माझा नंबर लागला नाही. पुण्याच्या होस्टेलपासूनच्या मित्राला मी स्वयंपाकघरात बसून, लॅपटॉपवर निरोप दिला.

विनू मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि शनिवारी स्थानिक क्लबचा विकेटकीपर. २०२०च्या पहिल्या लॉकडाउनमध्ये काही महिने खेळ बंद पडला, तेव्हा घराजवळच्या जुन्या दफनभूमीत त्याला वेलींखाली बॅट कोरलेला एक दगड दिसला. खाली व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक लोण्याचा व्यापारी, गावच्या हौशी संघाचा कप्तान. इंटरनेटवर जुनी वर्तमानपत्रं चाळून विनूने त्याचं आयुष्य जमवलं... भरभराटीचं दुकान, शनिवारच्या मॅचेस, मग तापाची साथ आणि एकाच महिन्यात गेलेल्या बायको नि दोन मुली. "अरे, संघ मोडला होता, लोक हसत होते, तरी हा माणूस त्या उन्हाळ्यात रोज मैदानावर रोलर ओढायचा. एकटा!" विनू सांगायचा. तो पुन्हा कधी खेळला का, एवढंच सापडत नव्हतं.

हॉस्पिटलमधून विनूचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलवत नव्हतं. "त्याचं... शोधशील?"

मी चिडलो. "आधी स्वतःचं बघ ना! तो कधीच मेलाय!"

पलीकडे नुसता ऑक्सिजनचा आवाज. मग इथले लोक 'ठीक आहे' म्हणायला वापरतात तसं "ग्रँड, ग्रँड" म्हणून त्याने फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर कित्येक आठवडे मी वेड्यासारखा शोधत होतो. सापडलं. साथीनंतर दोन वर्षांनी छापलेला एक धावफलक, त्यात सगळ्यात शेवटी त्याचं नाव, शून्यावर बाद. संघही हरला होता. ज्याला सांगायचं तो नव्हता, म्हणून मेधाला फोन केला. तिने विचारलं,

"खेळला म्हणजे... पण ती दोन वर्षं काय करत असेल रे तो? मैदानावरून घरी आल्यावर?"



विनूचे क्रिकेटचे बूट अजून मागच्या दाराशी आहेत म्हणाली. सप्टेंबरातल्या शेवटच्या मॅचचा चिखल वाळून फरशीवर पडतो. ती सगळं घर झाडते, तेवढी फरशी सोडून.