वास येतोय का?

फिदेलिया बाजारात आली की बटाटे विकणाऱ्या बाया नाकाला शाल लावायच्या. "आली बाई, गावाची घाण उपसणारी आली!" तोंडावर म्हणायच्या आणि खिदळायच्या. गावातलं सगळं सांडपाणी उताराखालच्या टाकीत जातं, तिथं गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी बोरूच्या वाफ्यांतून निवळत मक्याला मिळतं. ते सगळं फिदेलिया बघायची. या बायांचा मका त्याच पाण्यावर पोसलेला, पण सांगायचं कुणाला!

वासाला ती भ्यायची नाही. भ्यायची ती वास बंद होण्याला. खालच्या गावात तिचा सख्खा भाऊ अशाच टाकीत उतरला होता. "इथं तर काहीच वास नाही!" असं आतून हसत म्हणाला, आणि ते त्याचं शेवटचं बोलणं. विषारी वायू आधी नाक मारतो, मग माणूस. तेव्हापासून कुणी टाकीकडे नुसतं वाकलं तरी ती त्याला मागे खेचायची.

ऑगस्टात टाकी तुंबली. घाण पाणी उलटं चढून शाळेच्या अंगणात शिरलं. आता ऑगस्टात आमच्याकडे धरणीमाय भुकेलेली, तोंड उघडून बसलेली असते. तिला घास दिल्याशिवाय कुणी कुदळसुद्धा मारत नाही. फिदेलियाची सासू, म्हातारी तिओदोरा, धगधगते निखारे, धूप आणि लामा या लोकरीच्या जनावराची चरबी घेऊन थेट टाकीच्या तोंडाशी आली.

"आई, इथं विस्तव नको! आतला वायू पेटला तर सगळे जाऊ. तिकडे बांधावर जाळू या."

"धरणीचं तोंड इथं आणि घास तिकडे? तुझ्या माहेरी असंच वाढतात होय गं?"

फिदेलियानं निखारे हिसकावून बांधावर नेले खरे, पण घास धरणीच्या तोंडापासून लांब पडला. तीही याच मातीतली. भुकेल्या धरणीमायला उपाशी ठेवून आपण नवऱ्यालाच तिच्या तोंडात ढकलतोय, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

कारण उतरणार होता तिचा नवरा, कासियानो. "तू काय उतरणार? दुसरं कुणी वाकलं तरी तू मागे खेचतेस," तो म्हणाला. वायू निघून जावा म्हणून सकाळपासून झाकण उघडं ठेवलं होतं, तरी तिनं त्याच्या छातीला दोर बांधलाच. "बोकड बाजाराला निघाला!" दोर धरायला आलेले शेजारी हसले.

"मी विचारत राहीन. तू उत्तर देत राहायचं," तिनं बजावलं. "वास येतोय का?"

"येतोय!"

तो गाळ ढवळू लागला. "वास येतोय का?"

"येतोय गं, तुझ्या रश्श्यासारखा!" वर हशा पिकला.

"कासियानो, वास येतोय का?"

"आता नाही येत. सुटलो बाबा!"

सगळे पुन्हा हसले. "ओढा!" फिदेलिया किंचाळली.

"अगं, आत्ता कुठं नळ मोकळा होतोय..." एक शेजारी म्हणाला.

ती एकटीच ओढू लागली. खालून ना शब्द, ना हालचाल, नुसतं वजन. तिच्या मागून दोराला पहिला हात लागला तो म्हाताऱ्या सासूचा. मग मात्र सगळे धावले.

कासियानो वर आला तेव्हा राखेसारखा पांढरा पडला होता. मान लोंबत होती. त्याला लांब नेऊन गवतावर निजवलं. "उपाशी ठेवलीस ना तिला! गिळलं तिनं माझ्या पोराला!" म्हातारीनं हंबरडा फोडला. सासू म्हणते तेच खरं असलं तर? चिखलानं भरलेली फिदेलिया त्याच्या तोंडावर वाकली, श्वास शोधत राहिली. असली भीती वैऱ्यालाही नको.

तो खोकला. भडाभडा ओकला. डोळे किलकिले करून त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"शी... काय घाण येतेय गं तुझी."

फिदेलियानं त्याला घट्ट कवटाळलं आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

"परत म्हण," ती म्हणाली. "परत म्हण ना."