सागवानी दाराची गुट्टी

कुणाच्याही घरी गेले की ते आधी बोटाचं पेर वाकवून दारावर ठकठक करायचे आणि फळीला कान लावायचे. आतून कुणी "कोण आहे?" विचारलं तर म्हणायचे, "थांबा की, दार बोलतंय." असा एखादा सुतार तुमच्याही गल्लीत असेल. सोलापुरात आमच्या गल्लीत हे होते. आमचं सागवानी दार त्यांनीच घडवलेलं, आणि मी ते येईल त्याला असं दाखवायचो, जणू रंधा मीच मारला होता.

तीस सालच्या वैशाखात शहरात गोळीबार झाला आणि लष्करी अंमल आला. फुटलेली दारं सांधायला यांनाच बोलावणी. प्रत्येक भोकात ते बोट घालून बघत. मी बोलावलं, तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

"शिकाऱ्याचं छर्रं असलं तर सागवान वरच्यावर धरतंय. ठासणीच्या बंदुकीची गोळी जाड फळीत खड्डा करून बसती. पर ही पलटणीची रायफल! तिला दार म्हंजे कागद. शिरताना पाव्हण्यावानी शिरती, निघताना दरोडेखोरावानी ढलप्या काढती."

"मी दाराला पत्रा ठोकलाय," मी म्हणालो. घासलेटचे तीन डबे कापून अख्खा रविवार ठोकाठोक केली होती. बायको तेव्हाच म्हणाली होती, "ढाल झाली, आता घोडा कधी आणताय?"

त्यांनी पत्र्यावर पेर वाजवलं. "मास्तर, आवाज तेवढा लई वाढलाय. दार वाऱ्याला असतंय, गोळीला भिंत."

मग त्यांची नजर पाळण्यावर गेली. आमची तीन महिन्यांची मुलगी दारासमोरच झोपलेली होती. त्या उकाड्यात वाऱ्याची झुळूक यायची ती तिथंच.

"पाळणा भिंतीआड घ्या."

"तिकडे गुदमरेल ती. आणि एवढं जाड दार असताना..."

"दार म्या केलंय. मलाच सांगताय व्हय?" एवढं बोलून ते बायकोकडे वळले. "वैनी, शिडी द्या."

दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीमागे, तुळईत त्यांनी नवी कडी ठोकली. मला पाळणा धरायला लावला. मी धरला, पण तोंड वाकडं करून.

चौथ्या दिवशी रस्त्यावर धावपळ झाली आणि पत्रा एकदाच खणकन वाजला. दाराला बाहेरून करंगळीएवढं भोक, आतून मोठी ढलपी निघालेली. पाळण्याच्या जुन्या कडीखालची मोकळी जागा ओलांडून गोळी मागच्या भिंतीत रुतली होती. मुलगी भिंतीआड रडत होती. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

ते आले. भोकाला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिले. आता हे मला बोलणार म्हणून मी मान खाली घालून उभा. ते एवढंच म्हणाले, "पत्रा काढा मास्तर, दाराला उकडतंय." आणि भोकात बाभळीची गुट्टी ठोकली.

दर उन्हाळ्यात ती गुट्टी वाळून सैल व्हायची. दर चैत्रात ते न बोलावता यायचे, दारावर पेर वाजवायचे, गुट्टी ठोकायचे, ताक प्यायचे आणि मुलीला विचारायचे, "काय गं, दार काय म्हणतंय?"

यंदा गुट्टी खाली पडली. मुलगी आता आठ वर्षांची. गुट्टी हातात घेऊन आली. "बाबा, ते कधी येणार?"

ते माघातच तापानं गेले होते. तिला सांगायचं माझ्यानं झालं नव्हतं.

मी वरवंट्यानं ठोकून पाहिली. माझं काम ते, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. शेवटी गुट्टी कोनाड्यात ठेवली. आता उन्हं कलली की त्या भोकातून एक तिरीप आत येते, नेमकी जुन्या कडीखाली. मुलगी तिथं उभी राहून हात पुढे करते, आणि तिच्या तळव्यावर उजेडाचा ठिपका येऊन बसतो.