रांगेत उभं राहण्याचा गुन्हा

मतदान केंद्रावर पोलिसाने धरलेला आमच्या खानदानातला पहिला माणूस मी. वय शहाऐंशी.

चूक माझीच. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरबसल्या मत देता येतं असं कळलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. (पाय ठणठणीत आहेत. रोज चौकातून भाजी आणतो!) पण बायको गेल्यापासून बोरगाव मेघेच्या या घरात आवाज करायला फक्त कूलर उरलाय, आणि तोही उन्हाळ्यापुरताच. म्हटलं, मताच्या निमित्ताने चार माणसं तरी घरी येतील!

आली की! दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. मी पातेलंभर पोहे करून ठेवले होते.

"आजोबा, ड्युटीवर खाता येत नाई."

"चहा तरी?"

"तोबी नाई. तुमी मत द्या."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी होईल तेवढा वेळ काढला. शेवटी पोलीस म्हणाला, "आजोबा, उमेदवार पसंत करून राह्यले का सून?" मत दिलं, माणसं गेली. पोहे मी एकटाच संध्याकाळपर्यंत खात बसलो.

मतदानाच्या आदल्या दिवशी मंगेशला, म्हणजे माझ्या पोराला, पुण्याला फोन लावला. त्याचं नाव अजून इथल्याच यादीत आहे. मीच हलवू दिलं नाही. तेवढ्यासाठी तरी येईल म्हणून.

"येऊन राह्यला ना रे?"

"सुट्टी नाई भेटत, बाबा. आन माझ्या एका मतानं काय होते?"

"मत गेलं खड्ड्यात! तू येजो ना."

"पुढच्या निवडणुकीले नक्की."

पुढची निवडणूक म्हणजे पाच वर्षं! याला बापाचं वय तरी माहीत आहे का?

मतदानाच्या दिवशी घर खायला उठलं. म्हटलं, केंद्रावर जाऊ. मत देऊन झालंय, पण रांगेत उभं राहू, जुनी मंडळी भेटतील, गप्पा होतील. दार जवळ आलं की हळूच सटकू. जाताना शेजारच्या राऊतला हाक मारली.

"कायले जाचं, काका? कोणीबी निवडून आला तरी आपली नाली तुंबूनच राह्यते!" म्हणत त्याने दार लावून घेतलं.

केंद्रावर पोचलो, तर रांगच नाही! मला पाहून पेंगणारी मंडळी ताडकन उठली.

"या, या, आजोबा!"

"मी रांगेत थांबतो."

"कोणाच्या मागं?"

सटकायला आडोसा नको का? थेट टेबलापाशी नेलं मला! तिथल्या बाईंनी यादीत नाव पाहिलं अन् ओरडल्याच, "यांचं मत तर घरीच झालं!"

पोलीस आला. "दुसऱ्यांदा मत द्यायले आले?"

"नाई हो! मले फक्त रांगेत उभं राह्यचं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या व्हरांड्याकडे. "घरच्या कोणाचा नंबर द्या," तो मऊ आवाजात म्हणाला.

दिला. पलीकडून मंगेश किंचाळला, "बाबाले पोलिसानं धरलं? मी निघालोच!" पोलीस "अहो, काही झालं नाई" म्हणेपर्यंत फोन कटला. मी परत लावून सांगायला हवं होतं. नाही लावला.

दुसऱ्या दिवशी पोरगा बॅग घेऊन दारात! छान चार दिवस राहिला. जाताना म्हणाला, "बाबा, पुढच्या निवडणुकीत असं करू नका."

छे! पाच वर्षं कोण थांबतो? सध्या दिवाळीपुरता एखादा किरकोळ गुन्हा शोधून राह्यलो!