दादाला न सांगितलेला दुसरा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वहिनीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. चार वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते आहे – पण तुमच्यावर थांबणार नाही, हेही आत्ताच बोलून ठेवते. बोलून ठेवलं नाही तर मी पुन्हा शेपूट घालीन. माझी मला सवय ठाऊक आहे.

आमचं घर खर्डीला, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं. मी घरूनच काम करते. काम कसलं? युरोपात कुठल्या देशात जुगाराचा कायदा काय, परवाना कोण देतं, कुणाला देतं, याची माहिती एका परदेशी वेबसाइटला पुरवायची. हसलात ना? सगळेच हसतात. खिडकीबाहेर भाताची खाचरं, आणि ही बाई बसलीय जर्मनीचे नियम तपासत!

युरोप म्हणजे एकच देश, अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची समजूत. माझीही होती. पण या बाबतीत तिथे एकाचं दुसऱ्याशी अजिबात पटत नाही. नॉर्वेत हा धंदा सरकारने स्वतःच्याच हातात ठेवलाय, बाहेरच्यांना दार बंद. जर्मनीत परवाना मिळतो, पण महिन्याला खेळाडूने किती पैसे टाकायचे याला लगाम. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डावर खेळता येत नाही, इटलीत जाहिरात करता येत नाही. स्वीडनमध्ये तर माणूस स्वतःच जाऊन एका यादीत आपलं नाव घालतो – मला खेळू देऊ नका म्हणून – आणि मग परवानेवाल्या सगळ्यांना त्याला बाहेर ठेवावंच लागतं. आणि एखादं छोटंसं बेट असतं. ते परदेशी कंपन्यांना परवाने देतं, पण तो कागद घेऊन शेजारच्या देशात धंदा करायचा म्हटलं तर तिथला परवाना वेगळा लागतो.

म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक कंपनीपुढे दोन रकाने असतात. पहिला – परवाना खरा आहे का. दुसरा – तो कुठे चालतो. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना मीच शिकवते, की दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्याला काडीचा अर्थ नाही. हा दुसरा रकाना लक्षात असू द्या.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. खर्डी स्टेशनच्या स्टँडवरून आतल्या पाड्यांना रिक्षा चालवायचा. कागदांचा भारी पक्का – बॅज, परमिट, विमा, सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून सीटखाली. परमिट ठाणे जिल्ह्याचं. इगतपुरीचं भाडं आलं तर सरळ हात जोडायचा, घाटाच्या वर आपलं परमिट चालत नाय म्हणायचा. ज्याच्या अंगावर नंबर आहे ते खरं, असा त्याचा हिशेब. आणि घरात इंग्रजीत काहीही आलं – औषधाची पट्टी, खताची गोण, बँकेचा मेसेज – की ते माझ्यापुढे यायचं. बघ गो, काय लिवलंय. मी बघायची, सांगायची, आणि माझा शब्द शेवटचा असायचा.

मग ती चुलत बहिणीची हळद. मांडवात वहिनीचे मुरबाडचे भाऊ बसलेले. कुणीतरी विचारलं, ही काय करते? दादा मोठ्याने म्हणाला, "आमची बाय जुगाराची वकील हाय! सट्टेवाल्यांना पास करते!" अख्खा मांडव हसला. मीही हसले. आतून मात्र पेटले होते. थट्टाच होती ती – दादा तसा थट्टेखोरच. पण मी ती गिळली नाही, सांभाळून ठेवली.

पंधरा दिवसांनी दुपारी दादा जेवून माझ्या टेबलापाशी आला. मोबाइल पुढे धरला. चक्र फिरवायचं, पत्ते लावायचे, असलं काहीतरी ॲप. तळाशी छोटीशी ढाल, ढालीत नंबर.

"बघ गो, परमिटचा नंबर हाय. युरोपचं हाय म्हणतात. खरा हाय काय?"

मी तपासलं. दोन मिनिटांचं काम. एका बेटाच्या यादीत तो नंबर होता, कंपनीचं नाव होतं. आणि आपल्या देशात त्या कागदाला काही किंमत नाही, उद्या पैसे अडकले तर ना इथे दाद ना तिथे, हे मला यादी न उघडताही माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. दादा, हे परमिट घाटाच्या पलीकडचं आहे, इथे चालत नाही. हे वाक्य त्याच्याइतकं चटकन कुणाला कळलं असतं?

मी म्हटलं, "खरा आहे." आणि पुन्हा कामाला लागले.

का? घाईत होते म्हणू? विसरले म्हणू? नाही – आज तसलं काही चालू द्यायचं नाही, असं ठरवून बसलेय. मला त्याची जिरवायची होती. थोडा हरेल, स्टँडवर चार जणांत खजील होईल, मग मी म्हणेन, आता आठवली का वकील? एवढंच मनात होतं. एवढंच – आणि ते पुरेसं वाईट होतं.

पुढे थोडं राहिलंच नाही. भाड्याची वाट बघता बघता तो खेळायचा. एकदा जिंकला, तर जिलबी घेऊन आला. ती मी खाल्ली. तेव्हाही सांगता आलं असतं. पण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं ना? मी नाही सांगितलं. तो उसने घेऊन खेळत राहिला, आणि दिवाळीच्या तोंडावर त्या उसन्या पैशांपायी रिक्षा सापगावच्या एका माणसाने नेली.

वहिनीचे भाऊ मुरबाडहून जाब विचारायला आले. जेवताना थोरला म्हणाला, "एवढी शिकलेली बहीण घरात. तिला इचारायला काय झालतं?"

मी तेव्हा भात वाढत होते. दादाने ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "नाय सुचलं."

माझा हात थांबला नाही. मी पुढच्या ताटात भात वाढला.

नंतर हातपंपावर दादा हळूच म्हणाला, "तुला तरी काय म्हाईत असणार गो. लोकं तुला नावं ठेवतील, म्हणून नाय बोललो." कळलं तुम्हाला? त्याला वाटलं, माझी चूक झाली. ती झाकायला त्याने मूर्खपणा स्वतःच्या अंगावर घेतला. आणि मी? मी मान डोलावली.

आज तो हायवेच्या एका गोदामात माल चढवतो. सकाळी त्याच स्टँडवरून दुसऱ्याच्या रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून जातो. त्याचा मोठा मोबाइल वहिनीने काढून घेतला, हातात बटणांचा फोन दिला. स्टँडवरची पोरं त्याला कॅसिनो म्हणतात. स्वीडनमध्ये निदान माणूस आपलं नाव आपण घालतो. दादाचं वहिनीने घातलं, आणि ती यादी सगळ्या गावाने वाचली.

आता आपल्याकडेही पैशांचे असले खेळ कायद्याने बंद झालेत. बातमी ऐकून आई म्हणाली, "ह्यो कायदा आधी आला असता तं माझा पोरगा वाचला असता." कायदा कशाला हवा होता? मी होते ना घरात.

येत्या रविवारी मुरबाडचे भाऊ जेवायला येणार आहेत. शिकलेल्या बहिणीचं ते वाक्य कुणीतरी पुन्हा बोलणार, दर वेळी बोलतात. शनिवारी संध्याकाळी मी दादाला गोदामाच्या वाटेवर गाठणार आहे, म्हणजे त्याला ते पाहुण्यांसमोर पहिल्यांदा ऐकावं लागणार नाही. रविवारी बाकी सगळ्यांना. वहिनी माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. माफी मात्र मागणार नाही. मागितली तर दादा तिथल्या तिथे देऊन टाकेल आणि वर मलाच समजावत बसेल – मी ओळखते ना त्याला.

मला दोनच वाक्यं बोलायची आहेत. पहिलं, दादाने मला विचारलं होतं. दुसरं, मला माहीत होतं.