नारळाला न दचकणारा ब्रेक

कुपवाडच्या वसाहतीत आमचा कारखाना विचारलात तर नाव सांगायची गरज पडत नाही. "नारळवाला का?" असं म्हणून कोणीही बोट दाखवेल. आमचे मालक याला कौतुक समजायचे. मी तिथे चाचणी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल, हवेचा एक कॉम्प्रेसर आणि एक पंच. पंच ठेवून हातोडी मारली की पितळी झाकणावर सात हा आकडा उमटायचा. सात म्हणजे मी. सात म्हणजे ही वस्तू मी तपासली आहे आणि वेळ येईल तेव्हा ती उघडेल.

उघडायचं काय, ते आधी सांगते, कारण आमच्याकडच्या निम्म्या शहाण्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. मालगाडीला इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची एक नळी असते. नळीत हवा दाबून भरलेली असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. हवा निघून गेली की सगळ्या डब्यांचे ब्रेक आपोआप आवळतात. आम्ही बनवायचो ती जेवणाच्या डब्याएवढी पेटी मालडब्याच्या खाली या नळीला जोडायची. पेटीत एक वजन, वजनाखाली स्प्रिंग. चाक रुळावरून घसरून रुळाखालच्या आडव्या स्लीपरवर आदळायला लागलं की वजन उडणार, झडप उघडणार, हवा सुटणार, गाडी थांबणार. ड्रायव्हरच्या लक्षात यायची वाट बघायची नाही, कोणाला विचारायचं नाही. इतकी साधी गोष्ट आहे, फक्त शहाण्यांनी मध्ये बोट घालायचं नाही.

माझा थोरला भाऊ मिरजेला राहतो, मालगाडीवर गार्ड आहे. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा हुकूम आहे. पदवी बदलली, पण शेवटचा डबा तोच आणि हादरेही तेच. इंजिन इतकं लांब असतं की वळण आल्याशिवाय दिसत नाही. एकदा त्याच्या गाडीतला मधला रिकामा डबा घसरला आणि तसाच फरफटत निघाला. ड्रायव्हरचं लक्ष पुढे. दादाला धुरळा दिसला, पण त्याला वाटलं शेतात ट्रॅक्टर चाललाय. पुढच्या फाटकवाल्याने लाल झेंडा हलवत बोंब मारली, तेव्हा कुठे गाडी थांबली. मागे जाऊन बघतो तर स्लीपरचे तुकडे लांबवर पसरलेले.

"तवापासनं मी गाडीत बूड टेकून चा पीत न्हाई," तो मला म्हणाला होता. "समद्या वाटंनं डोकं भायेर. मान मोडाया लागली, पर इलाज न्हाई."

त्यामुळे डबे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने या पेट्यांची ऑर्डर आमच्याकडे दिली, तेव्हा मला जो आनंद झाला तो मालकांना झाला नसेल. कारखान्यामागच्या पत्र्याखाली मी भंगारातले स्लीपर मांडून घेतले, त्यावरून एक चाक आदळत नेण्याची सोय केली आणि दोन महिने स्प्रिंगा बदलत बसले. जाड स्प्रिंग घातली की वजन जागचं हलत नव्हतं. फार नरम घातली तर रुळाच्या साध्या सांध्यालाही झडप उघडायची. शेवटी मधली सापडली. सांध्याला गप्प, स्लीपरला चोख. त्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना वडापाव दिला. आयुष्यात एवढी अक्कल मी पुन्हा कधी दाखवली नाही.

मग आला उद्घाटनाचा दिवस. आपल्याकडे साधी बोअर मारली तरी पुढारी लागतो, ही तर रेल्वेची वस्तू. एका साखर कारखान्याच्या सायडिंगला, म्हणजे आतल्या फाट्याच्या रुळावर, इंजिनासकट चार डबे उभे केले. मांडव, सतरंजी, फेटे. कंपनीचे साहेब आले, पुढारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, भटजी आले. पेटीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. मी मालकांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "नारळ रुळावर फोडायला सांगा. पेटीवर नको." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी देवीच्या गाभाऱ्यात चप्पल घालून शिरले होते.

पुढाऱ्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि पेटीवर आपटला.

पेटीने तिचं काम केलं. झडप उघडली, हवा एवढ्या जोरात सुटली की हार, कुंकू, खडीतली धूळ आणि नारळाचं पाणी सगळं पुढाऱ्यांच्या सदऱ्यावर गेलं. भटजी मागच्या मागे सतरंजीवर बसले. चारही डब्यांचे ब्रेक धाडकन आवळले. मी एकटीने टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे जमलेल्या एवढ्या मोठ्या माणसांत पेटी कशासाठी आहे हे फक्त पेटीला आणि मला माहीत आहे.

"ह्ये काय नाटक हाय?" पुढारी कुंकू झटकत ओरडले.

दुसऱ्या दिवशी मिटिंग. साहेब म्हणाले, जी वस्तू नारळाला दचकते ती रेल्वेच्या काय कामाची? मी म्हटलं, थेट पेटीवर घाव घातला तर ती उघडणारच आणि चालत्या गाडीखाली शिरून नारळ फोडायला कोणी जात नाही. कोणी हसलं नाही. ठरलं असं की स्प्रिंग जाड करायची. पुढे ऐका, मी यातलं काही पदरचं घालत नाही. तपासणीच्या कागदावर एक नवा रकाना छापून घेतला: नारळ चाचणी. बाजारातून पोतंभर नारळ आणले. पेटी टेबलावर ठेवायची, वर नारळ फोडायचा, पेटी गप्प राहिली की पास. खोबऱ्याचा प्रसाद सगळ्यांना वाटायचा. त्या आठवड्यात कुपवाडात आमच्या कामगारांएवढं खोबरं कोणी खाल्लं नसेल. पत्र्याखालच्या स्लीपरवरची चाचणी मात्र वेळखाऊ म्हणून बंद झाली.

मी ती चोरून केली. दहा पेट्या घेतल्या आणि चाक आदळत नेलं. एकच उघडली.

हे मालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त पुढाऱ्याचा सदरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. "ताई, हा लॉट जाऊ दे. पुढच्या लॉटला बघू," ते म्हणाले. "तुम्हाला पटत नसेल तर पंच द्या माझ्याकडे. पॅकिंगचा पोरगा मारेल."

इथे मी काय केलं ते सांगते. इतका वेळ दुसऱ्यांची उतरवत बसलेय, आता माझी बारी. माझा पंच पॅकिंगवाल्याच्या हातात जाणार, माझा आकडा कोणीही ऐरागैरा ठोकणार, हे मला सहन झालं नाही. म्हणून सगळ्या लॉटवर मी स्वतः सात ठोकला. ओळीने, नीट, एकही आकडा तिरका न जाऊ देता. मला त्या नेटकेपणाचा अभिमानही वाटला असेल, मी शपथ घेऊन नाही म्हणणार नाही.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. खूश होता. त्याच्या गाडीला त्या कंपनीचे डबे लागले होते.

"आगं, तुजी पेटी बघितली! वाकून बघितलं, झाकणावर सात. ड्रायव्हरला बी दावला. म्हनलं, ह्यो आमच्या भनीचा नंबर हाय."

मी म्हटलं, "दादा, तरी बाहेर बघत जा हं."

"आता कशाला? आता जरा बूड टेकतो की."

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तो ड्रायव्हरला माझा नंबर दाखवून आला होता आणि मी त्याची शहाणी बहीण होते. मी विचारलं, वहिनी काय म्हणते.

पावसाळा संपता संपता, कोरेगावच्या अलीकडे, भर दिवसा दादाच्या गाडीचा एक डबा घसरला. ही बातमी आधी कारखान्यात आली. मालकांनी पहिलं काम केलं ते फाईल काढायचं. त्या पेटीचा कागद सापडला, तो त्यांनी सगळ्यांसमोर वाचला. नारळ चाचणी, पास. "आपली बाजू भक्कम आहे," ते म्हणाले. भक्कम! एक डबा रूळ सोडून फरफटत गेला, त्याखाली बसवलेली पेटी नारळाला दचकली नाही तशी स्लीपरलाही दचकली नाही. कागदाप्रमाणे तिचं वागणं अगदी बरोबर होतं. मी टेबलावरचा पंच उचलला, पर्समध्ये टाकला आणि कोणाला न सांगता मिरजेची बस धरली. वाटेत मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. नोकरी लाथाडून निघाले होते ना मी.

दादा कॉटवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. फुटलेल्या स्लीपरवरून जाता जाता त्याचा शेवटचा डबाही घसरला होता. तो फेकला गेला, हात मोडला, मग सरपटत जाऊन डाव्या हाताने त्याने ब्रेकची दांडी ओढली होती. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत खडीत पडलेली पेटी होती, झाकण मातीने भरलेलं, आणि त्यावर स्वच्छ, सरळ सात.

"दादा, मला माहीत होतं," मी म्हटलं. "स्प्रिंग जाड होती."

त्याने मोबाईल उशीशेजारी पालथा ठेवला.

"नारळाचं आमाला बी कळलं हुतं," तो म्हणाला. "समदी मिरज हसतीया तुमच्या मालकाला. मी बी हसलो. म्हनलं, मालक येडा असंल, पर आमची भन हाय तितं. सात बघितला आन् भायेर बघायचं सोडलं."

वहिनीने चहा आणला. तो डाव्या हाताने कप धरायला शिकत होता. पर्समधला पंच त्याला दाखवायचं धाडस मला झालं नाही. काय दाखवणार होते, की बघ, मी काय त्याग केला?

कंपनीच्या साहेबांना मी स्प्रिंगबद्दल सगळं लिहून पाठवलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मालकांनी तर आठवड्याच्या आत नवा पंच करून घेतला. आकडा तोच ठेवला. सात नंबरचं बाजारात नाव झालंय म्हणे. तो आता पॅकिंगचा पोरगा ठोकतो.

दादाचं प्लॅस्टर निघालं, तो पुन्हा गाडीवर निघाला, त्या दिवशी मी मुद्दाम मिरजेला गेले. दारात चप्पल घालताना त्याला म्हटलं, "झाकणावर सात दिसला की बसू नकोस. बाहेर बघत उभा राहा."